काय ऐकलं ते सांगा

गुरुवारी संध्याकाळपासून सायन्नांना घोर लागायचा. नवी गाणी जगभर शुक्रवारी बाहेर पडतात, ही माहिती मला त्यांच्याकडून मिळाली. तोवर गाणी आपोआप असतात, हवेसारखी, अशी माझी समजूत होती. सायन्नांना मात्र गुरुवारी रात्रीचं जेवण जायचं नाही. या आठवड्यात एकही चांगलं गाणं निघालं नाही तर काय करायचं, ही पहिली काळजी. दुसरी त्याहून मोठी. निघालं आणि आपल्या हातून निसटलं तर?

"कुठंतरी एक पोरगी खोलीत बसून गाणं करती," ते म्हणायचे. "शुक्रवारी सोडती. सोमवारपर्यंत कुणी ऐकलं नाही की ते गेलं खाली. त्याच्यावर पुढच्या शुक्रवारचा ढीग. मग शहाणी माणसं म्हणतात, हल्ली चांगलं काही होतच नाही."

"पण तुम्ही नाही ऐकलं तर दुसरं कुणी ऐकेल की," मी एकदा म्हणालो.

"दुसऱ्यानं बी हेच म्हटलं तर?"

सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा, टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक माणूस पृथ्वीवरच्या सगळ्या नव्या गाण्यांची जबाबदारी डोक्यावर घेऊन बसतो, हे ऐकायला हास्यास्पद वाटतं. मलाही वाटलं होतं. पण जबाबदारी घेतल्याचे फलक चौकाचौकांत लावणारी माणसं आमच्या शहरात पुष्कळ आहेत. फलक न लावता, कुणी न सांगता, जेवण टाकून घेतलेली मी एवढीच पाहिली. सायन्ना जाऊन आता वर्ष होत आलं. शोकसभा झाली नाही. ते कुठल्याच संस्थेचे काही नव्हते.

पूर्ण नाव सायन्ना कोडम. घरात तेलुगू, शाळेत मराठी, कारखान्यात दखनी आणि बाजारापुरती कानडी. नावातच अन्ना असल्यामुळे आदरासाठी वेगळं काही जोडावं लागत नसे. बुटके, रुंद खांद्यांचे, आणि दोन्ही हातांच्या बोटांना मशीन ऑइलचा असा रंग चढलेला की निवृत्तीनंतरही तो उतरला नव्हता.

माझं नवी पेठेत चष्म्याचं दुकान आहे. तिथं ते वाचायचा चष्मा करायला आले होते. तक्त्यावरच्या दोन ओळी त्यांनी वाचल्या, तिसरीला थांबले. मला वाटलं, दिसत नाही.

"पंख्याचं बेअरिंग जातंय," ते म्हणाले.

"पंखा नवा आहे."

"असू दे नवा. आठ दिवस."

पंखा नवव्या दिवशी बंद पडला. चष्मा न्यायला आल्यावर मी कौतुकानं सांगितलं, तर एक दिवस चुकल्याचं त्यांना वाईट वाटलं. बत्तीस वर्षं ते जॉबर होते. जॉबर म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारा. साठ माग एकदम चालू असलेल्या शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं कानात शिरत नाही. तिथली माणसं हातवाऱ्यांनी आणि ओठ वाचून बोलतात. अशा शेडच्या दारात नुसतं उभं राहून सायन्ना सांगायचे, तिसऱ्या रांगेतला चौथा, पट्टा सैल झालाय. आवाजाच्या ढिगातून एक आवाज उपसून काढायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर कान रिकामा बसला. मुलीनं मोबाइल दिला आणि कानाला पुन्हा काम लागलं.

त्या दिवशी माझ्या दुकानात जुनी गाणी चालू होती. नेहमीच असतात. गिऱ्हाईक त्यावर डोलतं आणि फ्रेम निवडायला घाई करत नाही.

"हीच किती वर्षं लावताय?" त्यांनी विचारलं.

"लोकांना आवडतात."

"आवडणारच. आधीच्या लोकांनी पास करून ठेवल्यात. जुन्या गाण्याला चांगलं म्हणायला काय लागतंय? मान हलवायला लागती, बस." चष्मा खिशात घालत ते म्हणाले, "रविवारी दहाला या घरी."

हे आमंत्रण होतं की समन्स, ते मला तेव्हा कळलं नाही. गेलो.

शुक्रवारी पहाटेपासून शनिवार संध्याकाळपर्यंत सायन्ना गाणी ऐकत. भाषेची अट नाही. कळत नसलेली भाषा उलट बरी, असं त्यांचं मत. भाषा कळली की माणूस शब्द ऐकत बसतो आणि गाणं सोडतो. त्या ढिगातून पाच गाणी निवडायची आणि रविवारी आम्हाला ऐकवायची. समोरच्या खोलीत कपाटाएवढा एक लाकडी स्पीकर होता. तो मुनीरनं बसवून दिलेला. मुनीर रिक्षांमध्ये साउंड सिस्टिम बसवायचा. शहरातल्या निम्म्या रिक्षा दणाणतात त्या याच्यामुळे, आणि त्याबद्दल त्याला कसलाही पश्चात्ताप नव्हता. सायन्नांच्या पत्नी सुगुणाक्का चहा आणि सकिनालु आणून ठेवत. हे चकलीच्या भावकीतलं, तांदळाच्या पिठाचं, दातांची परीक्षा घेणारं प्रकरण. पण गाणं चालू असताना ते तोंडात टाकायला बंदी होती. कुरकुर व्हायची.

बैठकीचे नियम थोडे आणि कडक होते. गाणं याच आठवड्यातलं हवं. कुणाचं, कुठलं, हे आधी सांगायचं नाही. गाणं संपलं की घोटभर चहा होईपर्यंत गप्प बसायचं. मग एकेकानं बोलायचं, सायन्ना सगळ्यांत शेवटी. आणि मुख्य नियम असा: "आवडलं, नावडलं, ते घरी जाऊन सांगा. इथं काय ऐकलं ते सांगा."

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा. पहिल्या रविवारी मी म्हणालो, "गाण्यात एक प्रकारची उदासी आहे." सायन्नांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तुटलेल्या मागाकडे बोट दाखवून कापड उदास आहे म्हणालो होतो.

"उदासी कुठल्या वाद्यानं वाजवली?"

मी स्पीकरकडे पाहिलं.

"पुन्हा लावतो," ते म्हणाले.

या नियमाचा सगळ्यांत मोठा बळी म्हणजे हिरेमठ सर. निवृत्त प्राध्यापक, शहरातल्या कुठल्याही सत्कारात व्यासपीठावर डावीकडून दुसऱ्या खुर्चीवर असणारे. घरात शाली इतक्या की पाहुण्यांना पांघरायला त्याच देतात. कुणीतरी त्यांना या बैठकीबद्दल सांगितलं आणि ते मार्गदर्शन करायला आले. पहिलं गाणं झाल्यावर ते वीस मिनिटं बोलले. सुरांचा ऱ्हास, यंत्रांचं आक्रमण, साधनेचा अभाव. वाक्यं चांगली होती. मी ती इतरत्रही ऐकली होती.

सायन्नांनी सगळं ऐकून घेतलं. मग नम्रपणे म्हणाले, "हे सर तुम्ही येताना घरनं घेऊन आलेलं. इथं काय ऐकलं?"

सर म्हणाले, "म्हणजे... ताल होता."

"होता की. दुसऱ्या कडव्यात ढोल जरा मागं राहतो. मुद्दाम. गाणारा पुढं जातो, ढोल मागनं येतो. मग शेवटी गाठतो. ऐकलं का?"

नव्हतं ऐकलं. गाणं पुन्हा लावलं. ढोल मागे राहिला आणि शेवटी गाठला. हिरेमठ सर उठून जातील असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होतो. पण ते पुढच्या रविवारीही आले, खिशात डायरी घेऊन. सरांबद्दल मी पुष्कळदा वाकडं बोललो आहे. हे एक त्यांच्या बाजूनं लिहून ठेवतो.

पाचवी आमच्यातली सविता. करमाळ्याकडच्या एका खेड्यातली, इथं एका लॅबमध्ये रक्त तपासायची. तिला नियम शिकवावे लागले नाहीत. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "त्यो मागं कुणीतरी ताट वाजवतंय बगा. वाद्य न्हाय त्ये. ताटच हाय. जरा चेपलेलं." सायन्ना एवढे खूश झाले की त्यांनी नियम मोडून गाणं कुणाचं ते सांगून टाकलं.

तीन वर्षं असं चाललं. शेवटी पाचांतलं एक गाणं ठरायचं, त्या आठवड्याचं. त्यावर भांडणं व्हायची, पण शेवटचा शब्द सायन्नांचा. आम्ही हळूहळू वादातून अंग काढून घेऊ लागलो. ते म्हणतील ते बरोबर असायचं, मग कशाला? हे आमचं चुकत होतं. पण तेव्हा आम्ही त्याला आदर म्हणत होतो.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात सायन्नांनी बैठकीतल्या खुर्च्या फिरवल्या. आम्हाला खिडकीकडे तोंड करून बसवलं आणि स्वतः खिडकीला पाठ लावून बसले. म्हणाले, वारा लागतो. वारा लागत नव्हता. माझा धंदा डोळ्यांचा आहे. ज्यांना दिसत नाही ती माणसं ते कसं लपवतात, हे मी रोज पाहतो. रांगेत उभं असताना तक्ता पाठ करून येतात आणि धडाधड म्हणून दाखवतात. त्यामुळे उजेड आमच्या तोंडावर, ओठांवर पडेल अशी खुर्ची कुणी आणि कशासाठी ठेवतं, हे मला त्याच दिवशी समजायला हवं होतं. समजलंही असेल. मी स्वतःशी वाऱ्याचं कारण मान्य केलं.

पुढच्याच रविवारी ते गाणं आलं. एका मल्याळी मुलीचं, हे नंतर कळलं. नुसता आवाज आणि कसलंसं एक तंतुवाद्य. गाणं संपत आलं, आवाज थांबला, तार थांबली. आणि त्यानंतर, चांगला मोठा श्वास चार-पाच वेळा घेता येईल एवढा वेळ, फक्त एक रातकिडा वाजत राहिला. बारीक, धारदार, न थांबता. बहुधा तिच्या खिडकीबाहेरचा.

गाणं संपलं. चहाचा घोट घ्यायच्या आत सायन्ना बोलले. आधी कधीही पहिले न बोललेले सायन्ना. त्यांचे डोळे चमकत होते.

"बघितलं? सगळं बंद केलं आणि थांबली. एवढी शांतता! काहीच नाही ठेवलं. कुणाची छाती होती हो एवढं काहीच न ठेवायची?"

मी मुनीरकडे पाहिलं. मुनीरनं फरशीकडे पाहिलं. सविता त्या दिवशी ड्युटीवर होती.

मग आमची पाळी आली. हिरेमठ सरांनी डायरी उघडली आणि शांततेवर दहा मिनिटं बोलले. दोन स्वरांमधल्या अवकाशाबद्दल बोलले. सरांना रातकिडा ऐकू आला होता, हे मी त्यांच्या कानामागच्या लालीवरून सांगू शकतो. मुनीर म्हणाला, "हौ, एकदम चुप है." माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "शेवट चांगला आहे." वाक्य खोटं नव्हतं. त्या वाक्याचं एवढंच समर्थन करता येतं.

त्या आठवड्याचं गाणं बिनविरोध ठरलं.

दुसऱ्या दिवशी मुनीर दुकानात आला. गिऱ्हाईक जाईपर्यंत फ्रेमा चाळत राहिला.

"सायन्नाकू कीडा सुनाई नै दिया ना?"

"नाही."

"अब क्या करना?"

काय करायचं, हे सांगणं अगदी सोपं होतं. त्यांना जाऊन सांगायचं. पण आम्ही दोघांनी एकमेकांना घाबरवायला सुरुवात केली. ज्या माणसाकडे कानाशिवाय दुसरं काही नाही, त्याला हे कोण सांगणार? त्यांनी बैठक बंद केली तर? जेवण सोडलं तर? मुनीर म्हणाला, त्याच्या चाचांना असंच कुणीतरी तोंडावर सांगितलं आणि ते सहा महिने घराबाहेर पडले नाहीत. मला असा कुणी चाचा आठवत नव्हता, तरी मी मान हलवली. शेवटी ठरलं ते असं. स्पीकरच्या मागं दोन बटणं होती, एक जाड आवाजाचं, एक बारीक. मुनीर रविवारी लवकर जाऊन बारीक वाढवून ठेवणार. सायन्नांना ऐकू येईल, आणि कुणाला काही बोलावं लागणार नाही. यंत्रावर काम भागत असेल तर माणसाशी कशाला बोला, ही आमची अक्कल.

तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत. बुधवारी एका बाईंना दुसऱ्याच कुणाचा चष्मा दिला.

रविवारी पहिलं गाणं लागलं. आम्हाला ते टोचत होतं, इतकं बारीक वाढवलेलं. सायन्ना ऐकता ऐकता ताठ झाले. गाणं थांबवलं. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"हे शुक्रवारी नव्हतं."

"काय?" मी विचारलं.

"टाळ. शुक्रवारी या गाण्यात टाळ नव्हते. शनिवारी बी नव्हते."

हिरेमठ सरांना आमचा बेत माहीत नव्हता. ते मदतीला धावले. "नंतर घातले असतील त्यांनी."

सायन्ना उठले आणि स्पीकरच्या मागं गेले. आता जॉबरांची एक सवय असते, ती मुनीरला ठाऊक नव्हती आणि मला असायचं कारण नव्हतं. जॉबर कुठलाही स्क्रू बसवला की त्यावर खडूची एक रेघ ओढतो, अर्धी स्क्रूवर, अर्धी मशीनवर. कुणी हात लावला की रेघ मोडते. सायन्नांनी बत्तीस वर्षं तसं केलं होतं. स्पीकरची बटणं त्यातून कशी सुटतील?

ते मागंच वाकून राहिले. मग आवाज आला. "मुनीर."

"जी."

"किती फिरवलं?"

"थोडाच."

"किती?"

"पूरा," मुनीर म्हणाला.

सायन्ना येऊन खुर्चीत बसले. सुगुणाक्का दारात ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या. सायन्नांनी आमच्याकडे एकेक करून पाहिलं. उजेड आमच्या तोंडावर होता.

"मागच्या रविवारी. त्या मल्याळी पोरीच्या गाण्यात, शेवटी काय होतं?"

सविताला कशाचाच पत्ता नव्हता. तिची बैठक चुकलेली म्हणून तिनं ते गाणं घरी ऐकलं होतं.

"रातकिडा हाय की," ती म्हणाली. "ती थांबती, आन् मग नुसता रातकिडाच. लई ग्वाड." मग तिनं आमची तोंडं पाहिली. "काय झालं? चुकलं का माजं?"

"नाही," सायन्ना म्हणाले. "तुझं नाही."

मला वाटलं, आता ते कानांवर हात ठेवतील, किंवा रागावतील, किंवा आम्हाला जायला सांगतील. ते हिरेमठ सरांना म्हणाले, "सर, तुम्ही दहा मिनिटं बोलला." सरांनी डायरी मिटली. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही म्हणाला शेवट चांगला आहे. गिऱ्हाईकाला फ्रेम चांगली दिसती म्हणता, तसं."

"सायन्ना, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"माझं वरचं गेलंय हे मला आज कळलं असं वाटलं तुम्हाला?" आवाज चढला नव्हता. मला तो चढायला हवा होता. "शेडमधल्या निम्म्या माणसांचं जातं. मला चार वर्षं झाली म्हाईत आहे. खालचं जाड येतं, वरचं बारीक जातं. शुक्रवारी ऐकतो तेव्हा माझं निम्मं गाणं बाहेरच राहतं. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. काय ऐकलं ते सांगा, काय ऐकलं ते सांगा, म्हणून तीन वर्षं डोकं फोडतोय. माझा आवडता नियम हाय म्हणून? मला कळावं म्हणून!"

मुनीरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो म्हणाला, "गलती हो गई."

"त्या दिवशी मी आधी बोललो. नियम मीच मोडला, ती माझी चूक. पण तिघांतला एक तरी म्हणेल ना, सायन्ना, किडा हाय." ते थांबले. "आता मागं जाऊन मी काय काय शोधू? कुठल्या गाण्याला तुम्ही ऐकून मान हलवली आणि कुठल्याला माझ्याकडं बघून? तीन वर्षांची गाणी झाली की हो."

सुगुणाक्कांनी ट्रे टेबलावर ठेवला आणि तेलुगूत त्यांना काहीतरी म्हणाल्या. दोनच शब्द. सायन्नांनी स्पीकर बंद केला. आम्ही निघालो. चहा कुणी घेतला नाही.

बाहेर आल्यावर सवितानं सगळं विचारून घेतलं, आणि भर रस्त्यात आम्हाला फैलावर घेतलं. "येवढी शिकलेली माणसं तुमी! सर तर पुस्तकं लिवत्यात! आन् एका रातकिड्याला भ्यालात?"

"सविता, प्रश्न भावनेचा होता," हिरेमठ सर म्हणाले.

"भावना मरू द्या. मी लॅबमदी कुणाला वाईट वाटंल म्हणून साखर कमी लिवते का?"

पुढचे तीन रविवार बोलावणं आलं नाही. मुनीर दोनदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आला. मी फोन हातात घ्यायचो आणि ठेवायचो. गंमत अशी की शुक्रवार आला की मला धास्ती वाटायची. आज गाणी निघाली असतील, आणि ते ऐकत नसतील तर? मी स्वतः ऐकायला बसलो. चाळीसेक गाण्यांनंतर मला सगळी एकच वाटू लागली. बत्तीस वर्षांचा सराव नव्हता माझ्याकडे.

चौथ्या शनिवारी फोन आला. "चारला या. एकटे."

गेलो. खोलीत दोनच खुर्च्या होत्या, समोरासमोर. सायन्नांनी एक गाणं लावलं, संपवलं, आणि विचारलं, "वर काय आहे?"

"बासरी."

"सगळीकडं?"

"नाही. मध्ये एकदा. शेवटी पुन्हा."

"शेवटी किती?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

ते माझ्या ओठांकडे पाहत होते, आणि कागदावर पेन्सिलीनं काहीतरी लिहीत होते. पाच गाणी झाल्यावर मला सोडलं. दारात हिरेमठ सर भेटले, बाहेरच्या बाकावर बसलेले, तोंडी परीक्षेला आलेल्या मुलासारखे. त्यांनी हळूच विचारलं, "काय काय विचारतात?" मी सांगणार तेवढ्यात आतून आवाज आला, "तुम्ही निघा."

मग उलगडा झाला. त्यांनी आम्हाला वेगवेगळं बोलावलं होतं, एकेकाला अर्ध्या अर्ध्या तासानं. आमचे जबाब ते एकमेकांशी ताडून पाहत. दोघांचं जुळलं तर खरं धरायचे. तिघांचं वेगळं निघालं तर पुन्हा बोलावायचे. आता कुणाकडे पाहून मान हलवायची सोयच राहिली नव्हती. मी शनिवारी दुकान दुपारीच बंद करू लागलो. हिरेमठ सरांनी चांगले हेडफोन घेतले आणि घरी सराव करू लागले. एका शनिवारी ते मला म्हणाले, "या वयात मी नापास झालो हो. वरती व्हायोलिन होतं, मी सनई सांगितली." मुनीर सर्वांत पक्का निघाला. त्यानं आयुष्यभर बारीक आणि जाड आवाजच बसवले होते. आणि एवढं खरं की तीन वर्षांत जेवढं ऐकलं नव्हतं तेवढं आम्ही त्या काही महिन्यांत ऐकलं. पकडले जाण्याच्या भीतीनं.

शनिवारचे जबाब नीट झाले की रविवारची बैठक भरायची. पहिल्यासारखी नव्हती. सायन्ना बोलताना अडखळत. एखादं गाणं निवडलं की दोनदा विचारत, "मुनीर, तू म्हणाला तसंच ना?" पूर्वी काळजी गुरुवारी यायची आणि रविवारी दुपारी उतरायची. आता ती उतरत नव्हती. बोलणंही त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. सुगुणाक्कांची हाक पहिल्यांदा जात नसे. कानाचं यंत्र मुलीनं आणून दिलं होतं. ते लावून त्यांनी एक गाणं ऐकलं आणि काढून ठेवलं. "सगळं पत्र्याचं वाटतंय," म्हणाले. एकदा मला जाताना हात धरून विचारलं, "खरं सांगा. मी सांगतो ते अजून जुळतं का?"

"जुळतं," मी म्हणालो. जुळत होतं. पण त्यांनी हात लगेच सोडला नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मी खरं बोलतो की दुकानातलं बोलतो, याचा अंदाज घेत होते. ती वेळ मी त्यांच्यावर आणली होती.

आमच्या बैठकीचा शेवटचा रविवार डिसेंबरातला. पाचवं गाणं कुठल्याशा आफ्रिकी भाषेतलं, ढोल आणि बायकांचा घोळका. सवितानं तेच आठवड्याचं गाणं म्हणून धरलं.

"नाही," सायन्ना म्हणाले. "ढोल चुकलाय. दोन जागी घसरतो."

"घसरत न्हाय. मुद्दाम करतोय त्यो."

"मुद्दाम आणि चुकून, दोन्हीचा आवाज वेगळा असतो."

"तुमाला वरचं ऐकू येत न्हाय म्हणून तसं वाटतंय!" सविता म्हणाली. "वर बायका टाळ्या वाजवत्यात. त्या टाळ्यांसंगं धरा, मग ढोल बरोबर बसतोय."

हिरेमठ सरांनी डोळे मिटून घेतले. मुनीरचा हात सकिनालुच्या ताटलीवरच राहिला. सायन्नांनी सविताकडे पाहिलं, आणि महिनोन्महिने अडखळणारा त्यांचा आवाज एकदम जुना झाला.

"टाळ्या येत नाहीत ऐकू. मान्य. ढोल येतो. आणि टाळी कुठं पडायची ते ढोलानं ठरवायचं, टाळीनं ढोलाचं नाही. पुन्हा लाव."

गाणं चार वेळा लागलं. मुनीर सायन्नांच्या बाजूनं गेला, हिरेमठ सर सविताच्या. मी दोन्हीकडे गेलो आणि दोन्हीकडून हाकललो गेलो. एक वाजला, निकाल नाही. त्या आठवड्याचं गाणं ठरलंच नाही. असं पहिल्यांदाच झालं.

मी फाटकाबाहेर स्कूटरवर बसलो. सविता तिची गाडी चालू करून निघाली होती आणि सायन्ना अनवाणी तिच्यामागं रस्त्यावर आले होते. त्यांनी गाडीचं हँडल धरलं आणि दुसऱ्या हातानं पेट्रोलच्या टाकीवर ढोल वाजवून दाखवू लागले, कुठं घसरतो ते. सविता मान जोरजोरात नाही म्हणून हलवत होती आणि त्यांच्या ठोक्यांच्या मधोमध टाळ्या वाजवत होती. दारातून सुगुणाक्का जेवायला हाका मारत होत्या. दोघांनाही ऐकू जात नव्हतं.